भोपाळच्या कारखान्याखालची माती आणि भूजल: नाशिकच्या खडकावरून पाहिलेले एक प्रकरण

१ जानेवारी २०२५ च्या रात्री भोपाळच्या बंद युनियन कार्बाइड कारखान्यातून ३३७ टन विषारी कचरा घेऊन बारा कंटेनर निघाले आणि पहाटे इंदूरजवळच्या पीथमपूर औद्योगिक वसाहतीत पोहोचले. नाशिकच्या द्वारका चौकातून जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग पुढे याच पीथमपूरच्या शेजारून जातो. ३० जूनपर्यंत तो सगळा कचरा जाळून झाला आणि चाळीस वर्षांचे ओझे उतरल्याची भावना सर्वत्र व्यक्त झाली. मात्र त्या ३३७ टनांचा तपशील पाहिला की वेगळे चित्र दिसते. त्यात १६२ टन माती, ९२ टन सेव्हिन हे कीटकनाशक व नॅफ्थॉल हे त्याच्याशी जोडलेले रसायन यांचे अवशेष, ५४ टन अर्धवट तयार झालेली कीटकनाशके आणि २९ टन रिॲक्टरमधील अवशेष होते. याच जागेचा अभ्यास करून नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने २०१० मध्ये दूषित मातीचा अंदाज सुमारे ११ लाख टन असा दिला होता. म्हणजे दर दहा हजार किलोंमागे केवळ तीन किलोंचा निकाल लागला.

हा अभ्यास वायुगळतीचा नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट या विषारी वायूने जे केले ते जगाला माहीत आहे. येथे विचार आहे तो त्याच कारखान्यातून त्या रात्रीच्या आधी आणि नंतर जमिनीत उतरलेल्या द्रव्यांचा, आणि ती काढण्याच्या कामाचा क्रम कुठे व कसा चुकला याचा. सातपूर, अंबड, सिन्नर आणि दिंडोरी येथील औद्योगिक वसाहती आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा ज्या जिल्ह्यात जवळजवळ आहेत, तेथे कीटकनाशकाचा एखादा कारखाना बंद पडल्यावर त्याच्या भूखंडाचे काय करायचे, हा प्रश्न कधीही दारात येऊ शकतो, म्हणून हे प्रकरण नाशिकच्या वाचकापुढे सविस्तर मांडावेसे वाटले.

कारखाना आणि त्यातला माल

१९६९ मध्ये भोपाळचा हा कारखाना सुरू झाला तेव्हा तेथे बाहेरून आणलेली कीटकनाशके मिसळून बाजारासाठी तयार केली जात. पुढे कार्बारिल, म्हणजे बाजारातले सेव्हिन, तेथेच बनू लागले आणि १९८० पासून त्यासाठी लागणारे मिथाइल आयसोसायनेटही जागेवरच तयार होऊ लागले. टेमिक या नावाने विकले जाणारे अल्डिकार्ब आणि कार्बारिलमध्ये लिंडेन मिसळून केलेले सेव्हिडॉल हीदेखील याच कारखान्याची उत्पादने होती. रासायनिक प्रक्रियेसाठी डायक्लोरोबेंझीन, कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म यांसारखे क्लोरिनयुक्त द्रावक वापरात होते, आणि सेव्हिन विभागातील यंत्रांच्या सीलसाठी पारा वापरला जात असे.

सांडपाण्यासाठी १९७७ मध्ये कारखान्याच्या उत्तरेला सुमारे १४ हेक्टर जागेवर प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले बाष्पीभवन तलाव खोदण्यात आले. उन्हाने पाणी उडून जाईल आणि क्षार-गाळ तळाशी राहील, अशी ती कल्पना होती. १९८२ मध्येच या तलावांना गळती असल्याचे संदेश कारखान्यातून अमेरिकेतील मुख्य कार्यालयाला गेले होते. कारखाना बंद झाल्यानंतर १९८९ मध्ये कंपनीने स्वतः केलेल्या तपासणीत आवारातील आणि तलावांतील नमुन्यांत सोडलेले मासे शंभर टक्के मेले, हे पुढे न्यायालयीन लढाईतून बाहेर आलेल्या कागदपत्रांत नोंदलेले आहे. १९९६ च्या सुमारास दोन तलावांतला गाळ तिसऱ्यात भरून त्यावर माती टाकण्यात आली. गळका तलाव वरून झाकल्याने त्याच्या तळाचे छिद्र बुजत नाही, एवढी साधी गोष्ट त्या वेळी विचारात घेतली गेली नाही.

दुसरीकडे कारखान्याच्या शेडमध्ये, टाक्यांमध्ये आणि उघड्यावर पडलेला माल तसाच राहिला. तो गोळा करून एका शेडमध्ये बंद करण्याचे काम २००५ मध्ये झाले. मधल्या काळात वीसहून अधिक पावसाळे त्यावरून वाहून गेले. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठे नुकसान याच शांत काळात झाले आहे, कारण पोत्यात असलेले विष उचलता येते, पण पावसाने मातीत नेलेले विष शोधण्यासाठीच आधी वर्षे आणि पैसा खर्चावा लागतो.

जमिनीत प्रत्येक द्रव्याची चाल वेगळी

अशा जागेला ‘विषारी जमीन’ म्हणून मोकळे होण्याची सवय फार महागात पडते, कारण तेथील प्रत्येक रसायन जमिनीत वेगळे वागते आणि शुद्धीकरणाचा मार्ग त्या वागण्यावरूनच ठरतो. कार्बारिल अल्कधर्मी पाण्यात लवकर विघटित होते आणि त्यातून नॅफ्थॉल तयार होते. त्यामुळे बऱ्याच वर्षांनी घेतलेल्या नमुन्यात कार्बारिल सापडले नाही म्हणून जागा स्वच्छ ठरत नाही, नॅफ्थॉलही तपासावे लागते. अल्डिकार्ब पाण्यात सहज विरघळते आणि पाण्याबरोबर झपाट्याने पुढे जाते. १९७९ मध्ये अमेरिकेतील लाँग आयलंड येथे बटाट्याच्या शेतांत वापरलेले टेमिक आसपासच्या विहिरींत सापडले होते, आणि तेव्हा तेथील घरांना कार्बन फिल्टर बसवून देण्याचे काम युनियन कार्बाइडनेच केले होते. आपले उत्पादन भूजलापर्यंत पोहोचते हे त्या कंपनीला भोपाळच्या दुर्घटनेपूर्वीच माहीत होते, ही बाब मला या संपूर्ण प्रकरणात फार गंभीर वाटते.

तिसरी जात हेक्झाक्लोरोसायक्लोहेक्झेनची, जी आपल्या शेतकऱ्यांच्या जुन्या पिढीला बीएचसी पावडर म्हणून ठाऊक आहे. कारखान्यातून निघणाऱ्या कच्च्या बीएचसीमध्ये कीटक मारणारा गॅमा घटक, म्हणजे लिंडेन, सुमारे १० ते १५ टक्केच असतो आणि उरलेला बहुतांश भाग अल्फा, बीटा व डेल्टा या घटकांचा असतो. यांतला बीटा सर्वांत चिवट असून दशकानुदशके मातीला चिकटून राहतो. भारतात बीएचसीवर १९९७ पासून बंदी आहे आणि लिंडेनचा वापर २०१३ मध्ये थांबवण्यात आला, तरी जमिनीत गेलेला साठा बंदीने कमी होत नाही. येथे प्रयोगशाळेचा अहवाल वाचणाऱ्याने विशेष सावध राहायला हवे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार लिंडेनची मर्यादा लिटरला २ मायक्रोग्रॅम आहे, पण अल्फा घटकाची मर्यादा ०.०१ आणि बीटाची ०.०४ मायक्रोग्रॅम आहे. केवळ लिंडेन तपासून पाणी योग्य असल्याचा दाखला दिला, तर अल्फाच्या मर्यादेच्या शेकडो पट दूषित असलेले पाणीही त्यातून सुटू शकते.

चौथी जात क्लोरिनयुक्त द्रावकांची. ती पाण्यापेक्षा जड असल्याने भूजलाच्या पातळीवर थांबत नाहीत, खाली उतरत जातात आणि अभेद्य थर लागला की त्यावर साचून राहतात. तेथून ती थोडी थोडी विरघळत वर्षानुवर्षे पाण्यात येत राहतात. पाचवा पारा, ज्याचे विघटन होतच नाही. तो फक्त एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जातो.

भोपाळच्या जागेखाली चिकणमातीचे थर आणि त्याखाली विंध्य वालुकाश्म आहे. ग्रीनपीसने १९९९ मध्ये आणि विज्ञान व पर्यावरण केंद्राने २००९ मध्ये केलेल्या तपासण्यांत आवारातील मातीत पारा व क्लोरिनयुक्त संयुगे आणि बाहेरच्या वस्त्यांतील भूजलात त्यांतीलच संयुगे आढळली. २००९ च्या तपासणीतील सर्वांत दूरचा नमुना कारखान्यापासून सुमारे तीन किलोमीटरवरचा होता. अटल अयूब नगर, अन्नू नगर, ब्लू मून कॉलनी अशा वस्त्यांत लोक हातपंपांचे पाणी पीत होते. प्रशासनाने अनेक हातपंपांना लाल रंग दिला, पण दुसरे पाणी नसल्याने लाल पंपाचेच पाणी घरात येत राहिले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या वस्त्यांना नळाने स्वच्छ पाणी देण्याचा आदेश दिला. पुढे लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेच्या तपासण्यांतून बाधित वस्त्यांची संख्या २२ वरून ४२ वर गेली.

जबाबदार पक्ष कसा निसटला

१९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली ती वायुगळतीच्या बळींसाठी होती, जमिनीचा प्रश्न तिच्यात सोडवला गेला नाही. १९९४ मध्ये युनियन कार्बाइडने भारतीय कंपनीतील आपला ५०.९ टक्के हिस्सा विकला. त्या कंपनीचे नाव बदलून एव्हरेडी इंडस्ट्रीज झाले. १९९८ मध्ये भाडेपट्ट्याची जमीन मध्य प्रदेश सरकारला परत देण्यात आली. २००१ मध्ये डाऊ केमिकलने युनियन कार्बाइड विकत घेतली, आणि या जागेचे कोणतेही दायित्व आपल्याकडे आलेले नाही अशी भूमिका घेतली. २००५ मध्ये केंद्रीय रसायन मंत्रालयाने डाऊकडून शुद्धीकरणासाठी १०० कोटी रुपये आगाऊ भरून घ्यावेत असा अर्ज उच्च न्यायालयात केला, तो वर्षानुवर्षे रेंगाळला. वस्त्यांतील रहिवाशांनी अमेरिकेतील न्यायालयांत दाखल केलेले प्रदूषणाचे दावेही फेटाळले गेले.

या घटनाक्रमातील निर्णायक पायरी १९९८ ची आहे. जमीन परत घेताना तिची माती आणि पाणी कोणत्या स्थितीत आहे याचे दोन्ही पक्षांना मान्य असलेले मोजमाप झालेले नव्हते. मोजमाप नसताना ताबा घेतला की दूषणाची मालकीही ताब्याबरोबर येते, आणि मग ज्याने घाण केली त्याच्याकडे बोट दाखवत स्वतःच्या तिजोरीतून खर्च करण्याची पाळी सरकारवर येते. पीथमपूरच्या कामासाठी केंद्राने दिलेले १२६ कोटी रुपये करदात्यांचे होते.

सगळी शक्ती एका शेडवर

२००५ नंतरची वीस वर्षे वाद चालला तो शेडमधला कचरा कुठे जाळायचा यावर. गुजरातमधील अंकलेश्वरने नकार दिला. महाराष्ट्रात तळोज्याचा आणि नंतर नागपूरजवळ बोरखेडी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या भट्टीचा विचार झाला, त्याला आपल्या राज्यातून तीव्र विरोध झाला. २०१२ मध्ये जर्मनीला नेण्याची योजना आखली गेली आणि तीही बारगळली. २०१५ मध्ये पीथमपूरला १० टनांची चाचणी झाली, पण पुढचे पाऊल पडण्यासाठी मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा ३ डिसेंबर २०२४ चा आदेश लागला. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये १० टनांच्या तीन चाचण्या तासाला १३५, १८० आणि २७० किलो या गतीने घेऊन उरलेले ३०७ टन मे ते जूनमध्ये जाळण्यात आले. उत्सर्जन मर्यादेत असल्याचे राज्याच्या प्रदूषण मंडळाने सांगितले. जाळताना चुना आणि इतर द्रव्ये मिसळावी लागतात, त्यामुळे ३३७ टनांचे आठशे टनांहून अधिक अवशेष तयार झाले, ज्यांना पुन्हा सुरक्षित भूभराव, म्हणजे अस्तर घातलेला पुरण्याचा खड्डा, लागतो.

पीथमपूरच्या रहिवाशांनी केलेला विरोध मला अनाठायी वाटत नाही. ज्या गावाला कधी विश्वासात घेतले नाही त्या गावाने दुसऱ्याचे विष आनंदाने स्वीकारावे, ही अपेक्षाच अयोग्य आहे. पण या वादाने एक मोठी हानी केली. दिसणारा, मोजता येणारा, छायाचित्रात येणारा कचरा हाच प्रश्न असल्याचे सर्वांच्या मनात ठसले, आणि ११ लाख टन माती व तिच्याखालचे पाणी यांच्यासाठी सर्वमान्य आराखडाही तयार झाला नाही. नीरीच्या २०१० च्या अहवालावर तज्ज्ञांनी आक्षेप घेतले, विज्ञान व पर्यावरण केंद्राने २०१३ मध्ये वेगळा कृती आराखडा मांडला, पण जमिनीखालचे पाणी उपसून शुद्ध करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर कधी उभे राहिले नाही.

काय करता येण्यासारखे होते आणि आहे

११ लाख टन माती दहा टनी ट्रकने हलवायची तर एक लाखाहून अधिक फेऱ्या लागतील, म्हणून सगळी माती उचलून नेण्याचा विचार बाजूलाच ठेवावा लागतो. व्यवहार्य मार्ग असा की सर्वाधिक दूषित असलेले छोटे पट्टे आधी शोधावेत, म्हणजे जुने खड्डे, टाक्यांच्या खालची जागा, गटारांचे मार्ग आणि तलावांचा तळ, आणि मोठा खर्च तेथेच करावा. क्लोरिनयुक्त द्रावके व बीएचसी असलेली माती बंद भट्टीत तापवून त्यांची वाफ पकडता येते. मात्र त्याच मातीत पारा असेल तर तोही ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, आणि त्याची वाफ अडवण्याची वेगळी सोय नसेल तर जमिनीतले विष हवेत जाते. मिश्र दूषणाच्या जागेवर एकच यंत्र आणून काम उरकण्याचा मोह याच कारणाने टाळावा लागतो.

कमी दूषित मातीसाठी जिवाणूंचा मार्ग आहे. उसाच्या मुळांजवळच्या मातीतून भारतात वेगळा केलेला स्फिंगोबियम इंडिकम हा जिवाणू बीएचसीच्या घटकांमधील क्लोरीन तोडतो. काम स्वस्त आहे, पण बीटा घटक येथेही सर्वांत सावकाश जातो आणि ओलावा व हवा टिकवून ठेवावी लागते. पाऱ्यावर त्याचा उपयोग नाही.

भूजलासाठी सर्वांत परिचित उपाय म्हणजे पाणी उपसून ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून गाळणे. पहिल्या काही वर्षांत प्रमाण झपाट्याने उतरते आणि मग एका पातळीवर अडकून बसते, कारण चिकणमातीत शिरलेली द्रव्ये हळूहळू बाहेर येत राहतात आणि पंप बंद केला की प्रमाण पुन्हा वाढते. म्हणून स्रोत न काढता केवळ पाणी उपसत राहणे हे न संपणारे काम आहे. जेथे प्रवाहाची दिशा निश्चित आहे तेथे वाटेत लोखंडाच्या चुऱ्याची भिंत पुरून क्लोरिनयुक्त द्रावके जाता जाता मोडता येतात, पण ती भिंत मऊ थरांत घालता येते, अखंड पाषाणात नाही.

हेच नाशिकच्या खडकात

येथेच भोपाळचे प्रकरण आपल्यासाठी अधिक कठीण होते. नाशिकच्या बहुतेक भागात वर थोडी काळी किंवा मुरमाड माती, मग मुरूम, त्याखाली कुठे मांजऱ्या (बारीक पोकळ्या असलेला खडक) तर कुठे काळा पाषाण, अशी बेसाल्टची रचना आहे. पाणी मातीच्या थरांतून सावकाश झिरपत नाही, भेगा-फटींतून आणि दोन लाव्हा थरांच्या सांध्यातून वाट काढते. त्यामुळे जेमतेम शंभर मीटरवरची विहीर स्वच्छ आणि अर्ध्या किलोमीटरवरची दूषित, असे येथे सहज घडू शकते. आवाराभोवती ठरावीक अंतरावर चार बोअर घेऊन चारही स्वच्छ निघाले, तरी दूषित पाणी त्यांच्या मधल्या एखाद्या भेगेतून निघून गेलेले असू शकते.

दुसरा मुद्दा उपशाचा. द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपासून एप्रिलच्या खरड छाटणीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंत विहिरी आणि बोअर यांचा उपसा चालू राहतो. जमिनीचा उतार काहीही असला तरी या काळात भूजल जोराच्या उपशाकडे खेचले जाते आणि पावसाळ्यानंतर ते पुन्हा आपल्या नैसर्गिक वाटेला लागते. म्हणून एकदाच नमुने घेऊन काढलेला प्रवाहाचा नकाशा येथे दिशाभूल करणारा ठरतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. संशयित भूखंडाभोवतीच्या विहिरींचे नमुने याच चार महिन्यांत घेतले, तर मे महिन्यातला खेचलेला प्रवाह आणि ऑक्टोबरमध्ये चढलेल्या पाण्याने मुरमातून धुऊन आणलेले द्रव्य, दोन्ही पकडता येतील. प्रत्येक विहिरीची खोली, बोअरचा केसिंग कुठपर्यंत आहे आणि पाणी कोणत्या थरात लागले, हे मालकाला विचारून लिहून घेणे हे कोणत्याही महागड्या यंत्राआधीचे काम आहे, आणि जुन्या बागायतदारांना ते तोंडपाठ असते. बंद पडलेला, केसिंग सडलेला बोअर हा वरचे दूषित पाणी थेट खालच्या थरात नेणारा नळ असतो, तो आधी सिमेंटने बुजवला पाहिजे.

नाशिकच्या बागायतदाराला अवशेष तपासणीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे युरोपात द्राक्षे अडकली तेव्हा सारा पट्टा हादरला होता. फळात काय उतरते हे आपण तेव्हापासून काटेकोरपणे पाहतो. विहिरीत काय उतरते हे पाहण्याची तशीच शिस्त आपल्याकडे अजून रुजलेली नाही.

कायद्याचा आधार आता पूर्वीपेक्षा बरा आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार जिल्हा प्रशासन किंवा स्थानिक संस्थेने संशयित स्थळांची माहिती दर सहा महिन्यांनी द्यायची आहे, राज्य प्रदूषण मंडळाने ठरलेल्या मुदतीत प्राथमिक आणि मग सविस्तर तपासणी करायची आहे, आणि दूषित करणाऱ्याला शोधून खर्च त्याच्याकडून वसूल करायचा आहे. मात्र नियम संशय आल्यावर सुरू होतात, आणि बंद शेडला कुलूप असले की संशय येण्यालाच वर्षे लागतात. आपल्या औद्योगिक विकास महामंडळाचे भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले जातात आणि मधल्या काळात हस्तांतरित होत राहतात. कीटकनाशकाचा कारखाना असलेल्या भूखंडाचे हस्तांतरण नोंदवण्यापूर्वी गटार, साठवणूक आणि सांडपाण्याच्या जागांखालील माती, आवारातील बोअर व सर्वांत जवळच्या शेतविहिरी यांचे नमुने अल्फा, बीटा व डेल्टा घटकांसह तपासून तो अहवाल दोन्ही पक्षांच्या सह्यांनी कागदपत्रांना जोडण्याची अट महामंडळाने घालावी, आणि तिचा खर्च जाणाऱ्या पट्टेदाराच्या अनामत रकमेतून घ्यावा, अशी मागणी जिल्ह्यातील ग्रामपंचायती व पाणी वापर संस्थांनी आताच लेखी करायला हवी.